उत्तरेची खिडकी आणि हळदीचं बोट

"माही पोरगी तिकडं ऑस्ट्रेलियात डाग काढते," असं माझी आई नागपुरात सगळ्यांना सांगायची. शेजारच्या काकूंना वाटायचं, मी लाँड्रीत कामाला आहे. एका मामांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं की एम.एस्सी. करून ही काय वेळ आली. "मामा, मी म्युझियममध्ये असते, जुन्या वस्तू साफ करते," असं समजावायला गेले तर ते आणखीच कष्टी झाले. मग मी तो नाद सोडला. आता डार्विनच्या नोकरीतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं आणि वाटतं, आईनं माझ्या कामाचं जे वर्णन केलं तेच सगळ्यात जवळचं होतं. कुठला डाग काढायचा आणि कुठला ठेवायचा, हे ठरवण्यात माझी सगळी नोकरी गेली. एकदा मात्र मी काही ठरवायच्या आधीच तीन डाग निघून गेले.

तिथवर येण्याआधी धंदा थोडा समजावून सांगते. आमच्या कामाला कॉन्झर्व्हेशन म्हणतात. वस्तू नवी दिसावी असा त्यात अजिबात हेतू नसतो. ती आज जशी आहे तशी पुढच्या माणसाच्या हातात जावी, एवढंच बघायचं. उजेड, दमट हवा, किडे आणि उत्साही माणसं हे आमचे चार शत्रू. डार्विनमध्ये चौघेही मुबलक. पावसाळ्यात इथे कपाटात टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्याला आठवड्यात हिरवी लव येते. आमच्या स्टोअरमधला एसी बंद पडला की मला घरी बसल्या बसल्या घाम फुटायचा, आणि नवरा, प्रदीप, म्हणायचा, "जा बाई, तुझी पोरं उकाड्यात आहेत."

या पोरांतली माझी लाडकी म्हणजे पंधराव्या शतकाच्या आसपासची. शाळेत आपण त्या काळाचा इतिहास म्हणून फक्त लढाया शिकतो. बहमनी आणि विजयनगर एकमेकांच्या उरावर बसलेले, हे मला पाठ होतं. पण त्याच वेळी इराणच्या आखातातून घोडे भरून जहाजं चौलला आणि दाभोळला लागत होती, आणि दोन्ही सैन्यांना त्याच घोड्यांची गरज होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गुजरातेत छापलेलं लाल-निळं सुती कापड खंबातच्या बंदरातून वाऱ्याच्या मोसमावर मलाक्काला जायचं. तिथे चिनी, अरब, गुजराती, जावानीज एका बाजारात घासाघीस करायचे. तेच कापड पुढे बेटाबेटांवरून तिमोरला पोचायचं आणि त्याच्या बदल्यात चंदनाचं लाकूड निघायचं. तिमोरच्या खाली तासाभराच्या विमानप्रवासावर डार्विन. म्हणजे मी नागपूरहून इतक्या लांब आले आणि येऊन उभी राहिले ती आपल्याच कापडाच्या वाटेवर.

या वाटेवरच्या वस्तू आमच्याकडे कशा यायच्या ते ऐका. महिन्यातून एका रविवारी आम्ही लोकांच्या वस्तू ओळखून द्यायचो. एकदा बॅरी नावाचा कोळंबीच्या बोटीचा कप्तान गुडघ्याएवढी मातीची बरणी कुशीत घेऊन आला. तपकिरी झिलई, खांद्यावर दोरी ओवायला चार कान.

"जाळ्यात आली होती, मेट. मी शेडमध्ये गळाच्या काठ्या ठेवतो हिच्यात. बायको म्हणते जुनी आहे. आहे का, की ती उगाच डोक्यावर घेतेय?"

बायकोचं बरोबर होतं. अशा बरण्यांतून त्या काळी जहाजावर पाणी, तेल, खारवलेले मासे न्यायचे. मी म्हटलं, आमच्याकडे अशीच असते, लोणच्याची. पण समुद्रातून काढून तिला तशीच वाळवल्यामुळे आतलं मीठ फुलून वर येत होतं आणि झिलईचे पोपडे निघत होते. यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा. गोड्या पाण्यात बुडवायची, पाणी बदलायचं, उतरलेलं मीठ मोजायचं, पुन्हा बदलायचं. आठ महिने लागले. दर शुक्रवारी दुपारी बॅरीचा फोन यायचा, "हाऊज माय जार?" न्यायला आला तेव्हा बादलीभर कोळंबी घेऊन आला आणि विचारलं, "आता काठ्या ठेवू ना?"

"नको हं. रिकामीच ठेव."

"मग उपयोग काय तिचा?"

मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते त्याला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

आता कापडाकडे येते. ही गोष्ट माझ्या सुरुवातीच्या काळातली, डार्विनला येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. प्रदीप इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता. त्याच्या ओळखीची लुसिया नावाची एक नर्स होती, तिमोरची. ती लहान असताना तिची आई गेली आणि तिला आजीनं वाढवलं. आजीला सगळे 'अव्हो' म्हणायचे, त्यांच्याकडे आजीला तेच म्हणतात. अव्हो तिमोरमधून युद्धाच्या वेळी बोटीतून डार्विनला आली ती पोटाला एक कापड गुंडाळून. लुसियाचं लग्न ठरलं होतं आणि त्या घराच्या रिवाजाप्रमाणे ते कापड नवरीच्या खांद्यावर घालायचं होतं. पण ते घडीवर फाटायला लागलं होतं, म्हणून प्रदीपनं तिला माझ्याकडे पाठवलं.

तिनं कापड उशीच्या खोळीत घालून आणलं होतं; मी टेबलावर ती खोळ उघडली आणि माझे हातच थांबले. लाल जमिनीवर हंसांच्या रांगा, लाकडी ठशांनी छापलेल्या. मंजिष्ठेचा लाल, नीळ, गुजराती हात. तपासणीत ते साधारण पंधराव्या शतकातलं निघालं. अव्होनं ते इतकी वर्षं कपड्यांच्या ट्रंकेत कापराच्या गोळ्यांबरोबर ठेवलं होतं.

आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन पिवळे डाग होते. बोटाच्या पेराएवढे, एकाशेजारी एक.

इथे माझ्या घराबद्दल सांगायला हवं. आम्ही बौद्ध. बाबांनी हळदीकुंकू, मुहूर्त, सगळं घरातून घालवलं होतं. पण नवा कपडा आला की आई त्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावायचीच. बाबा ओरडले की म्हणायची, "हा देवधर्म नाही जी. कपड्याले डाग पडणारच हाय, तं पयला आपल्या हातानं पाडावा." मग बाबा पेपर उघडून बसायचे.

तेव्हा ते डाग पाहून मला काय झालं असेल बघा. सुटून पडलेला एक पिवळा धागा घेतला, त्यावर सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला. लाल झाला. लिंबाचा थेंब टाकला. पुन्हा पिवळा. हळद. मी त्याच क्षणी ठरवून टाकलं की पाचशे वर्षांपूर्वी खंबातच्या कुठल्याशा व्यापाऱ्याच्या बायकोनं जहाजावर चढवण्याआधी या कापडाला बोट लावलं. माझी वरिष्ठ हेलन हिला मी हे इतकं रंगवून सांगितलं की ती म्हणाली, लेख लिही. मी अर्धा लिहिलाही.

पुढच्या भेटीत अव्होला सांगितलं, तेव्हा लुसियानं भाषांतर केलं आणि अव्हो खुर्चीत मागे रेलून हसत सुटली.

"अव्हो म्हणते, तो व्यापारीबिपारी कोणी नाही," लुसिया म्हणाली. "हा पहिला तिच्या आईचा. मधला तिचा स्वतःचा. आणि हा माझ्या मम्मीचा. प्रत्येक नवरी लग्नात एक बोट लावते. आम्हीही हळदच वापरतो, यू नो."

मी तो अर्धा लेख गुपचूप फाडला. पण मनातून आनंदच झाला, कारण पाचशे वर्षांपूर्वीच्या बाईपेक्षा समोर हसणारी बाई बरी. लुसियानं तेव्हा तिसऱ्या डागावर आपलं बोट हलकेच ठेवून पाहिलं. बरोबर बसलं. "सेम साइझ," ती म्हणाली. आईचे तिच्याकडे दोन फोटो होते आणि हा एक डाग.

कापड लग्नात वापरायला हेलनचा विरोध होता. पाचशे वर्षांचं कापड, घामट खांदे, केक, नाच. पण कापड त्यांचं होतं आणि अव्हो ठाम होती. शेवटी ठरलं की मी मागून अस्तर लावायचं, म्हणजे सगळा ताण अस्तरावर येईल आणि कापड तासभर खांद्यावर राहू शकेल. मी पातळ सुती कापड रंगवून घेतलं आणि केसाएवढ्या रेशमी धाग्यानं दोन महिने टाके घातले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुबक काम असेल.

लग्नाच्या आठवड्यात सगळं तयार होतं. मग मला अवदसा आठवली. छापणाऱ्या कारागिराचा हात एका ठिकाणी घसरला होता आणि एका हंसाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडला होता. मला त्या चुकीचा भारी जिव्हाळा वाटायचा. कापड परत जाण्याआधी त्याचं चित्र काढून ठेवावं असं वाटलं, आणि त्याला लॅबचे मंद दिवे पुरेनात. मला आपल्याकडच्या प्रशिक्षणात घोकून घेतलेला पहिला धडा आठवला: काम करायचं तर उत्तरेच्या खिडकीशी, तिथे ऊन कधी येत नाही. म्हणून मी मीटिंगच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी टेबल लावलं. बाकीचं कापड टिश्यूनं झाकलं, घसरलेल्या हंसाचा कोपरा तेवढा उघडा ठेवला. तोच तो खालचा उजवा कोपरा. सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज सकाळी तासभर चित्र काढायचं, डोळे त्या हंसावरून हलायचे नाहीत, आणि मग कापड तिथेच तसं ठेवून दुसऱ्या कामाला जायचं.

बुधवारी दुपारी मी पेन्सिल विसरले म्हणून त्या खोलीत परत गेले. टेबलावर लख्ख ऊन पडलं होतं.

ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेकडून येतो. हे मला माहीत होतं. घर भाड्याने घेताना एजंटनं उत्तरेच्या खिडक्यांचं कौतुक केलं होतं, कपडे वाळत घालताना मी रोज त्याचा फायदा घेत होते. पण हातांना माहीत नव्हतं. हातांनी नागपूरचाच सूर्य धरून ठेवला होता.

हंस जागेवर होते, मंजिष्ठेला तीन दिवसांचं ऊन म्हणजे किस झाड की पत्ती. पण कोपऱ्यात पिवळं काही नव्हतं. मी चष्मा पुसला. भिंग घेतलं. काही नाही. आपल्या घरातली कुठलीही बाई सांगेल, हळदीचा डाग पडला तर घासत बसू नका, उन्हात टाका. मी तेच केलं होतं, आणि तेही व्यवस्थित टिश्यूनं बाजू झाकून.

मी हेलनला सांगितलं. तिनं हातातले हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाली, "तू सांगतेस की मी?" मी सांगते म्हटलं.

घरी आल्यावर प्रदीपला सांगितलं. तो चांगला माणूस आहे, आणि चांगल्या माणसांना सुचतात तसल्या भयंकर कल्पना त्यालाही सुचतात. "अगं, डब्यात हळद आहे. लाव तीन बोटं. हू विल नो?"

खरं सांगते, मी पाच मिनिटं विचार केला. माझ्या प्रामाणिकपणानं मला थांबवलं असं म्हणायला आवडलं असतं. पण लुसिया त्या तिसऱ्या डागावर बोट ठेवून पाहील आणि तिला लगेच कळेल, या भीतीनं थांबवलं.

गुरुवारी कापड घेऊन मी त्यांच्या घरी गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं, मागच्या अंगणात आंब्याखाली कोणीतरी मोठ्या पातेल्यात काहीतरी ढवळत होतं. मी लुसियाला आणि अव्होला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. खिडकी, ऊन, तीन दिवस, चूक माझी. लुसियानं ऐकलं आणि भाषांतर केलंच नाही. ती नुसती कोपऱ्याकडे बघत राहिली.

"मम्मीचा पण?" तिनं विचारलं.

"तिघींचे."

अव्होनं तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा लुसिया दोन-तीन शब्द बोलली आणि तोंड फिरवून बसली. मला वाटलं, आता अव्हो मला हाकलून देणार. तसं झालं असतं तर बरंच वाटलं असतं. पण म्हातारीनं कापड मांडीवर ओढलं आणि कोपरा दोन बोटांत चुरून पाहिला.

"धिस," ती अस्तराकडे बोट करून मला इंग्रजीत म्हणाली, "नॉट माइन."

मी सांगितलं की हे मी लावलंय, आधाराला.

"ओपन."

"अव्हो, ते काढलं तर..."

"ओपन," ती म्हणाली आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यातून कात्री काढून माझ्या हातात दिली.

केसाएवढे टाके उसवायला घालण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपलेच असले तर फारच. कोपऱ्यावरचं वीतभर अस्तर सुटलं. अव्होनं कापड उलटलं. मागच्या बाजूला तीन डाग होते. फिके, कडा पसरलेल्या, पण पिवळे. हळद विणीतून पार झाली होती, आणि मागच्या बाजूला, टेबलाकडे तोंड करून, माझ्याच अस्तराखाली ती तीन दिवस सावलीत बसून होती. दोन महिने मी त्या पाठीवर टाके घातले, आणि घाबरल्यावर एकदाही तिकडे पाहायचं मला सुचलं नव्हतं.

लुसियानं बोट ठेवून पाहिलं. मग ती रडायला लागली आणि तेवढ्यात अव्हो काहीतरी बोलली, म्हणून रडता रडता हसायला लागली.

"अव्हो विचारतेय," लुसियानं नाक पुसत सांगितलं, "हळद एकाच बाजूला राहते असं हिला शिकवलं कोणी? हिच्या घरी कपडे कोण धुतं?"

मी म्हटलं, प्रदीप. ते खरंच होतं.

कोपऱ्याचं अस्तर मी पुन्हा शिवलं नाही. सुटलेल्या कडा दुमडून तिथे एक छोटी खिडकी ठेवली, उघडता येईल अशी. सूर्य पोचणार नाही अशी माझ्या हातची पहिलीच.

शनिवारी चर्चमधलं उरकल्यावर हॉलमध्ये मी लुसियाच्या मागे उभी होते, एका हातात टाचण्या, दुसऱ्या हातात टिश्यू, कोणी केक घेऊन जवळ आलं की अंगावर जायच्या तयारीत. कापड तिच्या खांद्यावर तासभर बसलं. एक टाका तुटला नाही. मग अव्होनं वाटीत हळद कालवली. लुसियानं बोट बुडवून कोपऱ्यावर, समोरच्या बाजूला, आईचा डाग जिथे होता त्याच्या बरोबर शेजारी लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात नोंद करत होते: नवा डाग, ओला, टिपून घ्यावा का? तेवढ्यात अव्होनं माझं मनगट धरलं.

मी हात मागे ओढला. "नो, नो, अव्हो. मी नवरी नाही. मी घरचीही नाही."

तिनं लुसियाला काहीतरी सांगितलं. "अव्हो म्हणते, तीन घालवलेस, एक तरी दे," लुसिया म्हणाली. "जस्ट डू इट, संध्याआंटी. ती सोडणार नाहीये."

अव्होनं माझं बोट वाटीत बुडवलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो वस्तू हातमोजे घालून हाताळल्या. त्या एका कापडाला तेवढा माझा उघडा हात लागला. हेलन हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिनं मुद्दाम केकच्या टेबलाकडे तोंड वळवलं, ते मी पाहिलं. मला इतका आनंद झाला होता की मी कॉन्झर्व्हेटर आहे हे क्षणभर विसरले.

सोमवारी कापड त्यांच्या ट्रंकेत परत गेलं आणि मी शेवटचा अहवाल लिहायला बसले. आमच्या फॉर्ममध्ये 'नवीन हानी' असा एक रकाना असतो. त्यात लिहिलं: खालचा उजवा कोपरा, समोरची बाजू. तीन जुने डाग उन्हाने गेले, कारण कॉन्झर्व्हेटरची चूक. मागील बाजूस शिल्लक. दोन नवे डाग, हळद. एक वधूच्या बोटाचा, दुसरा कॉन्झर्व्हेटरच्या. शेजारच्या 'उपाय' या रकान्यात लिहिलं: काढू नयेत. हेलननं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

संध्याकाळी आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. उन्हाचा भाग ऐकून ती "अरे माय" म्हणाली. शेवटी मी म्हटलं, "आई, आज मी डाग काढला नाही. शनिवारी एक लावून आले."

ती मग म्हणाली, "बोट नीट भिजवलं होतं ना? मागच्या बाजूनं उमटाले पायजे."